सुधामावशीनं न पाहिलेली खोली

मल्लय्या लिफ्ट सोडून कुठं जात नाही. जेवायलासुद्धा नाही. त्याची बायको नरसम्मा ताट लिफ्टपाशी आणून देते आणि तो स्टुलावर बसून, एक डोळा बटणांवर ठेवून जेवतो. म्हणून त्या दिवशी टायपिंगच्या क्लासात सगळी मशिनं धाडधाड चालू असताना दारात मल्लय्या दिसला, तेव्हाच माझी बोटं थांबली. खाकी टोपी त्यानं हातात धरली होती. बाकीच्या पोरी बडवतच होत्या. मी उठून गेले आणि विचारलं काय, तर "लिफ्टवर कोण आहे?" असलं काहीतरी! तो म्हणाला, "उगडीच टाकून आलोय अम्मा. चला." बस्स. मावशीचं नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्याच्या सायकलच्या मागं बसून मी मेच्या उन्हातून निघाले आणि सगळ्या रस्त्यात एकच घोकत होते की लिफ्ट उघडी आहे, कुणाचं पोर आत शिरलं तर, लिफ्ट उघडी आहे... वर पोचलो. सुधामावशी गॅलरीतल्या खुर्चीतच गेली होती. मांडीवर शेंगांची टोपली, अर्ध्या सोललेल्या. नरसम्मा तिच्या पायाशी बसली होती आणि सांडलेल्या शेंगा एकेक करून परत टोपलीत टाकत होती.

त्याला आता बरेच आठवडे झाले. मला कुणीतरी म्हटलं, तू भराभर टाइप करतेस तर मावशीबद्दल लिहून काढ की, पेपरच्या पुरवणीला पाठव. म्हटलं, लिहिते. पण कुठून सुरू करू ते कळेना, कारण मावशीचं सगळंच एकदम आठवतं. आवाज, खोकला, मिश्रीवरून मला बोललेली बोलणी, आणि त्या डब्या... डब्यांचं तर सांगायलाच पाहिजे. थांबा, सांगते.

सुधामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सोलापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, त्यातही प्रॅक्टिकल जास्त. लग्न केलं नव्हतं. लहानपणी ताप आला आणि त्यात काळजाची एक झडप बिघडली, ती बिघडलीच. आम्ही दुधनीचे. मी मॅट्रिक झाले तेव्हा आईनं माझी वळकटी बांधली आणि म्हणाली, जा, सुधीकडं राहून टायपिंग शीक, आणि तिच्याकडं बघ. गाडी होटगीला लई वेळ उभी राहते, तिथं मी रडून घेतलं आणि सोलापुरात तोंड धुऊन उतरले. मावशी राहायची ती इमारत पाच मजली. आता तुम्ही हसाल, पण आमच्याकडं पाच मजले म्हणजे काय ते विचारा! मंगळवेढ्याकडची माणसं कोर्टाच्या कामाला यायची ती वाकडी वाट करून लिफ्ट बघायला यायची. मल्लय्या त्यांना वरपर्यंत नेऊन आणायचा. खाली उतरल्यावर एकजण पोट धरून म्हणाला होता, "वर जाताना पोट हितंच ऱ्हायलं की वो!" मावशीला हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं," आणि मला अर्धा तास जडत्व शिकवलं.

झडप बिघडलेल्या बाईनं पाचव्या मजल्यावर कशाला राहावं, हे सगळेच विचारायचे. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. मावशी म्हणायची, वर वारा आहे, मला श्वासाला बरं पडतं, आणि लिफ्ट आहे की. पण लिफ्टला वीज लागते, आणि वीज तर काय, आज आहे नि उद्या नाही. वीज गेली की मावशी वर अडकायची, कॉलेज बुडायचं. मग ती जिन्याच्या कठड्याला टेकून खाली हाक मारायची, आणि तळातून नरसम्मा उलट ओरडायची. पाचही मजले मधे ऐकत असायचे.

"नरसम्मा, आली का गं लाइट?"

"कुटलं येतंय बाई! तुमी बसा की निवांत. पोरं एक दिवस न्हाय शिकली तर काय वाळवंट होतंय का?"

नरसम्मा-मल्लय्याची खोली सगळ्यात खाली. खाली म्हणजे तळमजल्याच्याही खाली, अर्धी जमिनीत. इमारत बांधताना पाण्याच्या पंपासाठी केलेली खोली ती, मग पंप बाहेर गेला आणि ह्यांना राहायला दिली. जिन्याच्या बाजूनं चार पायऱ्या उतरून एक दार, बाकी तिन्ही भिंती बंद. खिडकी नाही. नरसम्माची माणसं पिढ्यानपिढ्या मागावरची, तेलुगू बोलणारी, पण ही आणि तिच्या शेजारच्या तिघीचौघी दुपारी त्या खोलीत बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात कापलेली पानं. दारसुद्धा ओढून घ्यायच्या. कारण वारा आला की तंबाखू उडते आणि पान वाळून चिरतं. पंखा असता तरी लावला नसता त्यांनी. मी पहिल्यांदा आत गेले तर तंबाखूच्या खकाण्यानं शिंका थांबेनात. एकजण म्हणाली, "ही काय संसार करणार, शिंकूनच नवरा पळवंल!" आणि सगळ्या फिदीफिदी.

मावशीला त्या खोलीत जायची लई इच्छा. नरसम्मा तिच्यासाठी अंबाड्याची भाजी करून वर पाठवायची, सणाला गोड पाठवायची, पण मावशी कधी तिच्या घरी गेली नव्हती. पायऱ्या चारच, पण नरसम्मा येऊ द्यायची नाही. "आमच्या खोलीत तुमचा दम कोंडंल बाई. तुमी वरच बरं." मावशी मला म्हणायची, "बघ शोभी, माझ्यासाठी एवढं करते आणि मी तिचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. हे बरं दिसतं का?"

आणि मग त्या डब्या आल्या. मावशीला पुण्याच्या एका सरांकडं पुढचा अभ्यास करायचा होता. त्यांनी तिला एक काम दिलं, उंच इमारतीत मजल्यामजल्यावर रेडॉन किती आहे ते बघा. रेडॉन म्हणजे काय हे मी तिला दहा वेळा विचारलं असेल. तर ती सांगायची, जमिनीच्या पोटात दगड-माती असते, त्यात कणभर युरेनियम सगळीकडंच असतं, ते झिजत झिजत जातं आणि वाटेत त्यातून हा वायू सुटतो. रंग नाही, वास नाही. फरशीच्या फटीतून घरात येतो. उघड्यावर वाऱ्याबरोबर निघून जातो, बंद खोलीत साठत राहतो. खाणीत काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसाला तो बाधतो, हे माहीत झालंय. पण घरात माणूस जन्म काढतो, तिथं किती असतो ते आपल्याकडं कोण बघायला गेलंय? हे सांगताना ती खुर्चीच्या कडेवर यायची, दम लागायचा, मग मी म्हणायची, मावशी, मागं टेक. ती टेकायची आणि तशीच बोलत राहायची.

डबी म्हणजे प्लास्टिकचा पेला. आत तळाला तांबूस रंगाच्या फिल्मचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला, तोंडाला पातळ कागद. तीन महिने टांगून ठेवायची. आत शिरलेल्या वायूचे कण त्या फिल्मवर आपटून खुणा सोडतात. मग ती फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात धरली की खुणा मोठ्या होतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. जिना चढायचं काम माझं. मावशीनंच सांगितलं होतं, लोकांना फार शास्त्र सांगू नकोस, सोपं करून सांग की ही डबी खोलीतली वाईट हवा पकडते. तसं सांगितलं. दिवाळी होऊन गेली होती, घराघरात चिवडा खात खात मी डब्या टांगल्या. एका घरात आजोबांनी विचारलं, "सरकारी हाय का? यावर पट्टी बसंल का आमाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबी देवघराशेजारी घेतली आणि कडेला हळदीकुंकू लावलं. तिसऱ्या मजल्यावर ती लिंबू-मिरचीच्या जोडीला गेली. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "लावू देत. लिंबाला नाही कळत रेडॉन, रेडॉनला नाही कळत लिंबू." खालच्या खोलीत नरसम्मानं डबी दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "ही हवा आत ओढून घेतंय?" म्हटलं, व्हय. "बाईच्या घरात पन लावली का?" म्हटलं, लावली की, एक. ती म्हणाली, "एकच?"

संक्रांत होऊन गेल्यावर मी डब्या गोळा केल्या. नरसम्मा दारात होती, म्हणाली थांब आणते, आणि जिन्यानं वर निघून गेली. मला वाटलं, कुणाकडं तरी काम असेल. आली ती डबी घेऊनच आली. मी घेतली आणि पुढं गेले.

मावशीनं फिल्म सोड्यात धरल्या, मायक्रोस्कोपखाली मोजल्या आणि घरी आली ती गोंधळून. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात कमी, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात कमी, सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि सगळ्यात खालची, जमिनीतली, बिनखिडकीची खोली? तिच्यात पाचव्या मजल्याइतकंच! "असं कसं होईल गं?" ती दोन दिवस जेवताना हेच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलं तिला. लिफ्ट! लिफ्टची ती उभी पोकळी आहे ना तळापासून वरपर्यंत, ती धुराड्यासारखी खालची हवा ओढून घेत असणार, म्हणून खालची खोली मोकळी होते. काय खूश झाली होती! पुण्याच्या सरांना चार पानी पत्र मला सांगून टाइप करून घेतलं, आकृतीसकट. मी 'धुराडे' हा शब्द इतक्या वेळा टाइप केला की अजून बोटं आपोआप तिकडं जातात. आणि सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनाही तिनं सांगितलं. तिथंच घोळ झाला. कारण त्याआधी ती वर्षभर त्यांच्या मागं लागली होती की खालच्या खोलीला खिडकी पाडा. साहेब वाईट नाहीत, पण भिंत म्हटलं की ते दोन्ही हात जोडतात. "बाई, पाच मजले त्या भिंतीवर उभे आहेत. ती फोडायची म्हणजे पापड मोडायचाय का?" आता त्यांना बरंच झालं. "तुम्हीच म्हणता ना, खाली काही नाही म्हणून? मग खिडकी कशाला?" तिच्याच मोजणीनं तिचं तोंड बंद केलं.

शिवरात्रीच्या सुमाराला पुण्याहून नवीन फिल्म आल्या, दुसऱ्यांदा मोजायला. मावशी त्या दिवशी लिफ्टनं खाली उतरलेली, कॉलेजला निघाली होती, रिक्षाची वाट बघत बाकावर बसली होती. मी नरसम्माला डबी दिली. नरसम्मा डबी हातात घेऊन मावशीला विचारते कशी, अगदी भाजी कोणती करू विचारावं तसं, "ह्या टायमाला पन वरच लावू का बाई?"

मावशी म्हणाली, "वर कुठं?"

"तुमच्या दाराच्या वर. गच्चीच्या जिन्याला. मागच्या टायमाला लावलं की! तितं कुनाला दिसत न्हाय."

नरसम्मा जिना झाडते, रोज वर जाते. तिनं आपली डबी पहिल्याच दिवशी नेऊन मावशीच्या दारावर टांगली होती. कारण काय, तर बाईला दम लागतो. बाईच्या घरात वाईट हवा असणार म्हणूनच लागतो. एक डबी किती ओढणार? "आमाला काय हुतंय बाई? आमी धडधाकट. तुमची हवा ओढू दे म्हटलं दोन-दोन डब्यांनी." आणि वर म्हणते, "पर तीन महिने लावून पन तुमचा दम काय कमी न्हाय. डबी बारीक हाय. मोठी मागवा की!"

मावशी हसायला लागली. इतकी हसली की रिक्षावाला आत येऊन बघून गेला. "धुराडं पडलं गं माझं शोभी... चार पानांचं धुराडं..." आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग ते हसणं होतं का काय होतं मला कळेना. नरसम्मा घाबरली, "काय चुकलं का बाई?" तर मावशीनं तिचा हात धरला, डबीसकट. म्हणाली, "नाही गं. काही चुकलं नाही. माझ्या दारावर माझीच हवा दोनदा मोजली गेली, तुझी राहिली." त्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही. परत वर येऊन पुण्याच्या सरांना दुसरं पत्र सांगितलं, पहिलं रद्द करा म्हणून. ते लहान होतं. त्यात एक वाक्य असं होतं की खालच्या खोलीची नोंद मायेमुळे चुकली आहे. मी म्हटलं, मावशी, असं शास्त्रात लिहितात का? ती म्हणाली, "खरं कारण लिहितात. टाइप कर."

पण डबी खाली ठेवायला नरसम्मा तयार होईना. खाली ठेवली तर बाईकडं कोण बघणार? मावशी समजावते, नरसम्मा मान हलवते आणि म्हणते, "ते समदं खरं, पर एक वर लावते." शेवटी मावशीनं मला खूण केली आणि मी कपाटातून एक रिकामी डबी आणली, बिनफिल्मची. ती नरसम्मानं स्वतःच्या हातानं मावशीच्या दारावर बांधली, तेव्हा कुठं खरी डबी खाली राहिली. आणि खिडकीचं म्हणाल, तर नरसम्माला खिडकी नकोच होती! हे मावशीला तेव्हा कळलं. "वारा नको बाई. पान वाळतंय, तंबाखू उडतंय. खिडकी घेऊन मी काय आरती करू?" मावशीनं मग शास्त्र सोडलं आणि दुसरीकडून धरलं. म्हणाली, "खिडकी नाही तर मी तुझ्या घरी कशी येऊ? तूच म्हणतेस ना, दम कोंडंल?" नरसम्मा विचारात पडली. "खिडकी झाली तर येतंय?"

"येते. जेवायलाच येते. अंबाड्याची भाजी, ज्वारीची भाकरी. तुझ्या घरात, खाली बसून."

"पाट हाय आमच्यात," नरसम्मा म्हणाली. "खाली कशाला बसतंय."

त्या दिवसापासून चेअरमनसाहेबांच्या मागं दोघी लागल्या. मावशी वरून आणि नरसम्मा खालून. साहेब लिफ्टमधे शिरले की मल्लय्यासुद्धा, कधी न बोलणारा, बटण दाबायच्या आधी म्हणायचा, "खिडकीचं काय झालं साब?" साहेब म्हणायचे, मोजणी होऊ दे, मग बघू. मावशी दिवस मोजत होती. उन्हाळा असा होता की दुपारी रस्त्यावर कुत्रं नसायचं. मावशीचे पाय सुजायला लागले. डॉक्टर मुंबईला न्या म्हणत होते, आई दुधनीहून येऊन रागावून गेली, पण मावशी म्हणायची, ही एवढी डबी उतरू दे. संध्याकाळी मी क्लासातून आले की पहिला प्रश्न, "खाली आहे ना?" म्हटलं, आहे. "बघितलीस की विचारलंस?" म्हटलं, बघितली. मग ती गॅलरीतून लांबवर बघत बसायची. तिथून गिरण्यांची धुराडी दिसतात, रेल्वेचा धूर दिसतो. सगळं सोलापूर दिसतं आणि आपल्याच इमारतीतली ती एक खोली दिसत नाही, असं ती एकदा म्हणाली. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. आता ते एकच वाक्य इतकं आठवतं...

डबी उतरवायला थोडेच दिवस राहिले होते आणि मल्लय्या लिफ्ट उघडी टाकून मला बोलवायला आला.

तेरावं झाल्यावर मी डबी उतरवली. नरसम्मानं तिला तीन महिने बोट लावलं नव्हतं, वर कोळ्याचं जाळं झालं होतं, तेसुद्धा तिनं काढलं नव्हतं, न जाणो काही बिघडेल. मावशीच्या कॉलेजातले काझीसर म्हणाले, आण बेटा, मी करून देतो. मी शेजारी उभी होते. सोड्याची वाफ, त्यात ती तांबूस फिल्म. मग धुतली, वाळवली, काचेवर ठेवली. सरांनी बघितलं आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग मला म्हणाले, तू बघ. आधी पाचव्या मजल्याची बघितली. इथं एक टिंब, तिथं एक टिंब. मग खालच्या खोलीची. सुईनं टोचटोच टोचावं तशी, जागाच नाही मधे... मला मागं वळून सांगावंसं वाटलं, मावशी बघ, तुझंच बरोबर होतं. वळलेसुद्धा. मागं सिंक होतं.

सोसायटीनं शोकसभा घेतली, जिन्याखाली सतरंजी घालून. चेअरमनसाहेब चांगलं बोलले, खरंच चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, बाईंचा एक मोठा फोटो आपण लिफ्टशेजारी लावू. सगळ्यांनी माना हलवल्या. काझीसर उठले आणि त्यांनी मोजणीचा कागद पुढं केला. साहेबांनी चष्मा लावून बघितला, विचारलं, "म्हणजे लई जास्त आहे?" काझीसर म्हणाले, "गिनते-गिनते आँखां दुख गए साब." साहेब म्हणाले, हो, हो, बघू या, पावसाळा होऊ दे, आता तर बाईही राहिल्या नाहीत... तेव्हा त्या चार पायऱ्यांवर बसलेली नरसम्मा उठली. ती कधी असल्या सभेत बोललेली नाही. पदर तोंडाशी धरून बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"फोटो नको साब. बाई खिडकी मागत हुती. ती द्या."

साहेब म्हणाले, "अगं, पण तुला तर वारा नकोच होता ना?"

"मला नकोच हाय. माजी तंबाखू उडतंय. पर बाई येते म्हटली हुती. खिडकी झाली तर येते म्हटली हुती... तुमी लवकर केलं असतं तर आली असती."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नाक ओढत होत्या. साहेबांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग मल्लय्याला म्हणाले, "गवंडी कोण आहे तुझ्या ओळखीचा? सांग त्याला." आणि चप्पल न घालताच जिना चढून गेले. लिफ्ट समोर होती तरी जिन्यानंच गेले.

गवंड्यानं मागच्या बाजूची भिंत वरून फोडली, जमिनीच्या वर जेवढी निघते तेवढी. पाच मजले जिथल्या तिथं उभे आहेत. गज बसले, झडपा अजून यायच्यात. विड्या वळणाऱ्या बायका पहिले दोन दिवस कुरकुरल्या, एकीचं सूपच्या सूप उडालं तर ती तेलुगूत असं काही बोलली की नरसम्मानं मला अर्थ सांगितला नाही. मग त्या सगळ्या दाराच्या बाजूला सरकून, वाऱ्याकडं पाठ करून बसायला लागल्या. पानांवर आता दुहेरी ओलं फडकं असतं.

वरचं घर आम्ही अजून सोडलं नाही, आई म्हणते वर्ष होऊ दे. पण मी क्लासातून आले की वर जायच्या आधी खाली उतरते. काल उतरले तेव्हा कलतं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि वारा होता, चांगला वारा होता. इकडं त्या चौघी दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीला मांडी लावून. खिडकीखाली सगळी जागा मोकळी. तिथं सारवून घेतलं होतं आणि एक पाट मांडला होता. मला वाटलं, माझ्यासाठीच सरकून जागा केलीय. मी पिशवी ठेवली आणि बसायला गेले.

नरसम्मानं मान वर केली नाही. हातातल्या विडीला दोरा गुंडाळत होती.

"तितं नको बस," ती म्हणाली. "वारा अडतंय."

मी पिशवी उचलली आणि त्यांच्यातच, दाराशी, अंग चोरून बसले.